ज्याची त्याची मर्जी

गहिनीनाथनं आयुष्यात कुणावर जबरदस्ती केलेली नाही. मी त्याचा चुलतभाऊ आहे म्हणून सांगत नाही, आमच्या गावात कुणालाही विचारा. तो ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. पाथर्डीकडचे बाकीचे मुकादम मजुरांना शिव्या घालतात, कधी हातही उगारतात. गहिनीनाथचा आवाजसुद्धा चढत नाही. एखादा मजूर म्हणाला की बायको तापली आहे, आज फडात येत नाही, तर हा म्हणतो, "नको यिऊ. तुझी मर्जी." मग त्या दिवशी टोळीला आठवड्याच्या बाजाराला नेणाऱ्या ट्रॅक्टरवर नेमकी त्या दोघांपुरती जागा नसते. दुसऱ्या दिवशी तापलेली बाई उसाच्या मोळ्या बांधताना दिसते. तिला कुणी बोलावलेलं नसतं.

घरातही तसंच. त्याची बायको वृषाली बारावी शिकलेली. तिला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळत होतं. तिनं विचारलं तेव्हा हा म्हणाला, "जा की. मी कशाला आडवू?" आणि त्याच दुपारपासून त्याची भूक मेली. रागावला नाही, रुसला नाही. ताट समोर आलं की हात जोडायचा आणि उठायचा. शेवटी वृषालीनंच जाऊन सांगितलं की मला हे काम नको. त्या संध्याकाळी गहिनीनाथ पोटभर जेवला आणि म्हणाला, "बघ बरं, तुला जायाचं हुतं तर जायाचं."

आणि अण्णा, म्हणजे त्याचे वडील. बांधावरून पाय घसरला आणि म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, महिन्या-दोन महिन्यांत चालायला लागतील. गहिनीनाथ खाटेशी बसला आणि अगदी मऊपणानं म्हणाला, "अण्णा, आपरेशन करायचं का? तुमची मर्जी. बोअरची गाडी उद्या यायची हाय, ती माघारी धाडतो. पानी काय, पुढच्या साली बघू." बापाला आणखी काय सांगायला हवं? अण्णा म्हणाले, नको. बोअरची गाडी आली, आणि आमच्या त्या खडकाळ रानात, जिथं बाभळीसुद्धा विचार करून उगवतात, तिथं पाणी लागलं. अण्णा त्या पाण्याचा आवाज ऐकत खाटेवर पडून राहिले आणि पाठीला जखमा होऊन वारले. अजूनही कुणी विषय काढला तर गहिनीनाथ म्हणतो की त्यांची स्वतःचीच इच्छा नव्हती.

त्या पाण्यासाठीच त्यानं लक्ष्मीआईला नवसाचं बकरं बोललं होतं. अण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि आखाडातला एक मंगळवार धरून त्यानं गावजेवण ठेवलं. चांगुणाला मुद्दाम बोलावलं. चांगुणा त्याची धाकटी बहीण, चाळिशीची. नवरा टेम्पो चालवायचा, तो अपघातात गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी वर्षाच्या आत तिचं गाठोडं बांधून दिलं. तेव्हापासून ती नगरला, एमआयडीसीत खोकी भरायच्या कामाला जाई आणि भाड्याच्या एका खोलीत राही. तिथं उन्हाळ्यात झोप लागत नाही आणि पावसाळ्यात अंथरूण कोरडं राहत नाही.

बकऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, भावाबहिणीनं पाथर्डीला जायचं ठरलं होतं. बापाच्या सहा एकरांत आई, भाऊ आणि बहीण असे तीन सारखे वाटे. त्यातला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, याला आमच्याकडं हक्कसोड म्हणतात. कायद्यानं बहिणीला हक्क आहे, आणि रीतीनं तिनं तो सोडायचा आहे. कागदावर तिच्या नावापुढं 'स्वखुशीने' असं छापलेलं असतं. आमच्या गावात आजवर एकही बहीण नाखुशीनं सही करून आलेली नाही.

गहिनीनाथनं तिला फोनवरही हेच सांगितलं होतं, "सही करायची तर कर, न्हाईतर नको. तुझी मर्जी. माह्यार काय, तुझंच हाय." आता यात धमकी कुठं आहे, हे कुणी मला दाखवून द्यावं.

चांगुणाला मात्र ती जमीन हवी होती. पिकवायला म्हणून नव्हे. रानाच्या टोकाला पत्र्याची एक खोली बांधावी, दारात एखादी शेळी असावी, आणि म्हातारपणी कुणी 'खोली खाली कर' म्हणू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आईला, आक्काबाईला, आपल्याजवळ आणावं असंही होतं. हे तिनं आदल्या संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि लगेच म्हणाली होती, "पन करीन बाई सही. भावाशी वैर करून जगता येतं व्हय?"

आता बकऱ्याची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच फिरलं. आमच्याकडं देवीला दिलेलं बकरं असंच कापत नाहीत. त्याला आंघोळ घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, गळ्यात हार घालतात, आणि लक्ष्मीआईपुढं उभं करून त्याच्या पाठीवर पाणी शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं की देवीला मान्य, आणि बकऱ्यालाही मान्य. मगच सुरी. अंग झाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. थंड पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झाडतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आपल्याला कापून घ्यायला बकऱ्याची हरकत नाही, असं समजून जेवलं की मटण चांगलं लागतं.

त्या दिवशी बकरं अंग झाडेना. काळंभोर, चांगलं भरलेलं बोकड. निंबाखाली शांत उभं, खाली पडलेला पाला चघळत होतं. बिभीषण आबा, आमच्या भावकीतले सगळ्यात वडीलधारे, त्यांनी पहिला तांब्या ओतला. पाणी पाठीवरून ओघळून पोटाखालून टपकलं. बकऱ्यानं आबांकडं पाहिलं आणि चघळायला लागलं. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. हलगीवाला हलगी शेकून तयार बसला होता, तो पुन्हा शेकायला गेला. गावचे मुलाणी सुरीला धार लावून बाजूला बसले होते. ते म्हणाले, "माझ्याकडनं काय खोळंबा न्हाई बरं का."

चुलीवर मोठ्या पातेल्यात मसाल्याचं पाणी उकळत होतं. भाकरीची चळत लागली होती. तीन गल्ल्यांतली माणसं ताटं घेऊन आली होती, आणि आखाड असल्यामुळं सगळ्यांनी सकाळपासून पोटात जागा ठेवली होती.

आबांनी काठी टेकली आणि म्हणाले, "कुनाच्या तरी मनात अढी हाय. त्याबिगर जनावर थांबत न्हाई. ज्याच्या मनात असंल त्यानं म्होरं यावं, आईपुढं मन साफ करावं."

हीसुद्धा रीतच. बकरं अडलं की घरच्या माणसांनी एकेकानं पुढं यायचं, त्याच्या पाठीवर पाणी घालायचं आणि माझ्या मनात काही नाही म्हणायचं. वृषाली आली. तिनं पाणी घातलं आणि "माझं काय न्हाई" म्हणून मागं सरली. तिच्या मनात काय होतं ते अंगणवाडीला ठाऊक. मी घातलं. माझ्या आणि शेजारच्या रामच्या बांधाचा वाद होता. रामनं सगळ्यांदेखत कबूल केलं की नांगर थोडा अलीकडं घेतला होता, आणि आम्ही एकमेकांना मिठी मारली. भूक लागली की माणसं लवकर समेट करतात. बकरं हललं नाही.

मग हळूहळू सगळ्यांचे डोळे एकीकडं वळले. चांगुणा आईच्या मागं, निंबाच्या बुंध्याशी बसली होती.

"तिला कुनी काय म्हनू नका," गहिनीनाथ मोठ्यानं म्हणाला. तोवर तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. "सही करायची का न्हाई ती तिची मर्जी. उद्याचं उद्या."

आता सही हा शब्द ज्याला माहीत नव्हता त्यालाही कळला. चांगुणा उठली. तांब्या घेतला, बकऱ्याच्या पाठीवर धार धरली आणि म्हणाली, "आई, माझ्या मनात अढी न्हाई. मी माझा वाटा भावाला सोडला."

बकरं ढिम्म.

"तोंडानं म्हनलीस," आबा म्हणाले. "मनापासनं म्हन."

तिनं पुन्हा पाणी घातलं, पुन्हा तेच म्हणाली. या वेळी डोळे मिटून. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. ती खरंच प्रयत्न करत होती. जमीन द्यायला ती तयार होतीच, पण आम्हाला आता तेवढं पुरत नव्हतं. तिनं ती आनंदानं द्यायला हवी होती, आणि तो आनंद आतून यायला हवा होता, आणि तोही लवकर. मन म्हणजे काही गोठ्यातली गाय नव्हे, दावं ओढलं की दारात येईल. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ हलत होते. बकऱ्यानं शेपटी हलवली आणि लेंड्या टाकल्या.

मागून हसणं आलं. मग कुणी बाई म्हणाली, "अगं, मोकळं कर की मन. लेकरं उपाशी हायेत." दुसरा म्हणाला, "पोटात ठिवून देती ती. नगरला ऱ्हाऊन हुशार झाली." वृषाली तिच्या कानाशी गेली, "वन्सं, कसं बी करा, पन आता आवरा. पानी आटायलंय पातेल्यातलं." चांगुणा तिसऱ्यांदा म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली. हुंदका आला तर आबा म्हणाले की रडून चालणार नाही, रडणं म्हणजे नाखुशी. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसून म्हणून पाहिलं. ते पाहायला फार वाईट होतं, आणि आम्ही सगळे पाहत होतो.

गहिनीनाथ हाताची घडी घालून बाजूला उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. "राहू द्या आबा," तो म्हणाला. "न्हाई यायचं मनातनं तर न्हाई यायचं. बकरं सोडून देऊ. लोकं तशीच जातील. त्यात काय?"

तेव्हा आक्काबाई बोलली. "चांगुणा," ती म्हणाली, "दिल्याचं नाटक करतीस आन देवीला फसवतीस. मला लाज वाटायलीय तुझी."

चांगुणानं आईकडं पाहिलं. मग खाली वाकली, एका हातानं बकऱ्याचा कान धरला, दुसऱ्या हातात तांब्या तसाच कलंडलेला. तिचा आवाज मोठा नव्हता. "न्हाई सोडायची मला," ती म्हणाली. "खरं सांगते आई, न्हाई सोडायची. मला मरायला जागा पायजे."

आणि बकऱ्यानं अंग झाडलं. शिंगांपासून शेपटीपर्यंत असं झाडलं की पाण्याचे शिंतोडे गहिनीनाथच्या शर्टावर गेले.

हलगी कडाडली. "लक्ष्मीआईच्या नावानं चांगभलं," सगळं रान ओरडलं. मागच्यांना तिचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. ते म्हणाले, सुटली अढी, निघालं बाईचं मन साफ. दोघांनी बकरं उचललं, मुलाणी उठले, आणि पुढचं काम भराभर झालं. तांब्यातलं पाणी कानात गेलं म्हणून बकरं थरारलं असं माझा थोरला पोरगा म्हणाला. असेलही. ज्यांनी ऐकलं त्यांत मी होतो, आबा होते, आक्काबाई होती आणि गहिनीनाथ होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा वेळ गेलेला मी पाहिला. हा माणूस देवीला खरोखर भितो. आयुष्यात तो भितो असं तेवढं एकच.

जेवणं उरकली. तो आम्हा चौघांजवळ येऊन बसला आणि चांगुणाला म्हणाला, "उद्या पाथर्डीला जायचं न्हाई. तू न्हाई म्हनलीस आन लक्ष्मीआईनं त्याला मान डोलावली. आईच्या म्होरं मी कोन? घे तुझी जमीन."

चांगुणा त्याच्या पाया पडली. किती रडली. "दादा, तू देवमानूस हायेस," असं तिनं दोनदा म्हटलं. मला गहिनीनाथची ओळख होती, मी तिला काहीतरी सांगू शकलो असतो. पण माझ्या हातात मटणाची नळी होती आणि तिच्यातला मगज अजून निघत नव्हता.

मोजणी झाली. तिच्या वाट्याला रानाच्या टोकाचे, ओढ्याकडचे दोन एकर आले. बोअर भावाच्या हद्दीत राहिला. भादव्यात तिनं नगरची खोली सोडली, काम सोडलं, होतं नव्हतं ते घालून पत्र्याची एक खोली उभी केली. तिचं दार भावाच्या ओट्यासमोर येतं. मध्ये फक्त त्याचं रान.

मग ज्याची त्याची मर्जी सुरू झाली. गहिनीनाथनं तिची वाट अडवली नाही. त्यानं फक्त आपल्या रानात ज्वारी अशी टोकापर्यंत पेरली की पायवाट राहिली नाही. रान त्याचं, ज्वारी त्याची. चांगुणा ओढ्यानं वळसा घालून यायला लागली. बोअरचं पाणी देणार नाही असंही तो म्हणाला नाही. ती घागर घेऊन आली की मोटर बंद असायची, एवढंच. वृषालीनं एकदा तिच्यासाठी तांब्याभर ताक काढलं. गहिनीनाथ म्हणाला, "दे की. घरचंच ताक हाय. तुझी मर्जी." वृषालीनं ते ताक म्हशीच्या आंबोणात ओतलं.

गावानं तिला वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, आणि आमचं गाव कायदा पाळतं. पण सरपणाला जाताना बायका तिच्या दारात थांबायचं विसरल्या. किराणावाल्याकडं तिला हवं ते नेमकं संपलेलं असायचं. तिनं रान नांगरून द्याल का म्हणून माझ्याकडं विचारलं, तर माझ्या ट्रॅक्टरला त्याच आठवड्यात काहीतरी व्हायचं होतं, ते झालं. लोक म्हणतील, का रे बाबांनो, तिनं तुमचं काय घेतलं होतं? काहीच नाही. पण प्रत्येकाच्या घरातून एक चांगुणा बाहेर दिलेली आहे. माझ्याही दोन बहिणी आहेत. त्या दोघींनी सही केली आहे आणि दोघींना मी दर भाऊबीजेला साडी घेतो. त्यांनी उद्या येऊन बकऱ्याचा कान धरला तर?

चांगुणानं ते सगळं सोसलं. कुणाशी भांडली नाही. मी दिसलो की विचारायची, "आई बरी हाय ना?" कारण तिच्या दारातून तिला आक्काबाई ओट्यावर बसलेली दिसायची, आणि आक्काबाई कधी त्या बाजूला पाहायची नाही. चांगुणानं मनाशी ठरवलं होतं की आई भावाला भिते. दसरा झाला की दादा टोळी घेऊन जाईल, मग आई एकटीच उरेल, मग कुणाची भीती? तोपर्यंत तिनं आईसाठी खोलीत एक खाट आणून ठेवली होती. वाळूच्या पिशव्या रचून दाराशी पायरीही केली होती, म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून.

दसऱ्यानंतर गहिनीनाथची टोळी निघाली. पुणतांब्याच्या बाजूला कारखाना लवकर सुरू होणार होता. ओट्यापुढं दोन ट्रॅक्टर उभे, भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या, बारकी पोरं वर चढवलेली. दरवर्षी असंच. तरणी माणसं निघतात आणि म्हाताऱ्या माणसांपुढं पिठाचा डबा आणि रॉकेलची बाटली ठेवतात. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. मागं आक्काबाईवर लक्ष ठेव असं गहिनीनाथ मला म्हणाला होता, म्हणजे तसं थेट म्हणाला नव्हता, चहा दिला होता.

चांगुणा ओढ्यानं वळसा घालून आली. दम लागला होता. भावापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, आईला माझ्याकडं नेते. तुमी येईस्तवर."

"ने की," गहिनीनाथ ताडपत्रीची दोरी ओढत म्हणाला. "मी कवा आडवलं? आई, जायचं का गं हिच्याकडं? तुझी मर्जी."

आक्काबाईनं पदर सावरला आणि ट्रॅक्टरकडं पाहिलं. वृषालीनं पदराआडून नणंदेकडं पाहिलं आणि ट्रॅक्टरवर चढली. गहिनीनाथ आईच्या पाया पडला आणि निघाला. ट्रॅक्टरांची धूळ वळणापर्यंत दिसत राहिली. मग तीही बसली. गल्लीत कुत्री आणि म्हातारी माणसं उरली.

"गेला तो," चांगुणा आईजवळ उकिडवी बसली. "आता हितं कोन न्हाई. हा शिवा काय आपल्याला खातोय व्हय?" शिवा म्हणजे मी. "आता खरं बोल. चल, आई. खाट आनलीय तुझ्यासाठी."

"मला न्हाई यायचं."

"त्याचं भ्या वाटतं?"

"त्याचं कशाला? लेक हाय माझा." आक्काबाईनं पहिल्यांदाच तिच्याकडं तोंड वळवलं. "मला कुनी आडवलेलं न्हाई. मला तुझ्याच घरात यायचं न्हाई."

"आगं, पन मी काय केलं तुझं?"

म्हातारीनं गुडघा चोळला. मी चहाची बशी खाली ठेवायला लागलो तेव्हा ती बोलायला लागली, आणि हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मला बी बापाची जमीन हुती," ती म्हणाली. "हिरीसकट. बाप मेला तवा मी सोडली. भाऊ दर दिवाळीला लुगडं घिऊन यायचा. मरूस्तवर आला. समदं गाव म्हनायचं, मन बघावं तर आक्काबाईचं. माझ्याकडं दुसरं काय हुतं? दागिना न्हाई, रूप न्हाई, नवरा असला. त्या एका गोष्टीवर मी जलम काढला. आन तू समद्यांच्या म्होरं उभी ऱ्हायलीस आन न्हाई म्हनलीस. आन मिळाली तुला." तिनं काठी जवळ ओढली. "इतकं सोपं हुतं व्हय गं ते?"

चांगुणाचा हात आईच्या गुडघ्यावर होता. आक्काबाईनं तो उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्या खोलीत निजले तर रोज उठून मला तेच दिसंल. मी हितं एकली मेलेली बरी."

"आई," चांगुणा म्हणाली. आता ती रडत नव्हती. "तवा तुला कुनी इचारलं हुतं का गं? सोडतीस का म्हनून?"

"न्हाई," आक्काबाई म्हणाली. "तुझ्या मामानं हात धरला, अंगठा शाईत बुडवला आन टेकवला. मी चुलीम्होरं हुते. पिठाचा हात हुता."

"मग?"

"मग काय? त्यात इचारायचं काय हुतं? माझीच मर्जी हुती ती."

काठी टेकून ती उठली. चांगुणा हात द्यायला पुढं झाली, तो तिनं घेतला नाही. भिंतीला धरत धरत ती आत गेली आणि दार लोटलं. कडी आतून लागली. मी ओट्यावरच होतो, बाहेरून कुणी हातसुद्धा लावला नाही.